गोचिडीचा गुन्हा सिद्ध करणारा डॉक्टर, ज्याचं नाव आज जंतूंना आहे

कुत्र्याच्या कानामागे रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड सगळ्यांनीच पाहिली असेल. पण अशाच एका जातीच्या गोचिडीने अमेरिकेतल्या मोंटाना राज्याची झोप उडवली होती.

तिथल्या बिटररूट खोऱ्यात दर वसंतात एक ताप यायचा. अंगावर लाल ठिपके उठायचे आणि बहुतेक रुग्ण दगावायचे. नाव पडलं रॉकी माउंटन स्पॉटेड फीवर. कुणी डोंगरातल्या बर्फाच्या पाण्याला दोष देत होतं, कुणाला गोचिडीचा संशय होता. पण पुरावा कुणाकडेच नव्हता.

१९०६ मध्ये शिकागो विद्यापीठातून डॉ. हॉवर्ड रिकेट्स तिथे पोहोचले. जन्म १८७१ चा, म्हणजे वय अवघं ३५. त्यांनी आजारी गिनीपिगवर गोचीड सोडली, तिला रक्त पिऊ दिलं आणि मग तीच निरोगी गिनीपिगला चावू दिली. तोही तापाने आजारी पडला. गुन्हेगार सापडला होता.

पण हा जंतू खोऱ्यात टिकून राहतो कसा? उत्तर गोचिडीच्या आयुष्यात होतं. अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती एखाद्या छोट्या प्राण्याचं रक्त पिते, गळून पडते, कात टाकते आणि आठ पायांचं पिल्लू होते. ते पुन्हा उंदीर, खारीसारखा प्राणी गाठतं. मोठी झालेली गोचीड मात्र गुरं, घोडे आणि माणसांना धरते. शेवटी मादी हजारो अंडी घालून मरते. रिकेट्स यांनी दाखवून दिलं की मादीकडून हा जंतू थेट अंड्यांमध्येही जातो. म्हणजे काही पिल्लं जंतू घेऊनच जन्माला येतात.

पुढे रिकेट्स मेक्सिको सिटीत टायफस तापाच्या अभ्यासाला गेले. हा ताप उवांमुळे पसरतो. तिथे त्यांनाच त्याची लागण झाली आणि ३ मे १९१० रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा यावर औषधच नव्हतं.

१९१६ मध्ये टायफसच्या जंतूला नाव देताना रिकेट्स यांच्या स्मरणार्थ 'रिकेट्सिया' हा शब्द निवडला गेला. स्पॉटेड फीवरचा जंतूही याच गटातला. भारतात गोचिडीमुळे होणारा टिक टायफसही याच कुळातला आजार आहे.

आज डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर रुग्ण वाचतो. म्हणूनच गोचीड चावली तर ती चिरडू नका. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना चावल्याचं आवर्जून सांगा.