हेडन बंटन
हेडन विल्यम बंटन (५ जुलै, १९११:ऑल्बरी, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया - ५ सप्टेंबर, १९५५) हे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचे खेळाडू आणि प्रशिक्षक होते.

फिट्झरॉय संघाने नियमबाह्य मोबदला देऊ केल्यामुळे १९३०च्या हंगामात त्यांच्यावर व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये खेळण्यास बंदी होती. १९३१मध्ये पदार्पण करताच त्यांनी सर्वोत्कृष्ट खेळाडूचे ब्राउनलो पदक पटकावले. १९३२ आणि १९३५मध्येही हा मान त्यांना मिळाला. संघ मात्र दुबळाच राहिला. १९३६मध्ये ते कर्णधार व प्रशिक्षक असताना फिट्झरॉय शेवटच्या स्थानावर राहिला.

पुढे वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील सुबियाकोकडून खेळताना त्यांनी १९३८, १९३९ आणि १९४१मध्ये सँडओव्हर पदक जिंकले. मोटार अपघातातील दुखापतींमुळे त्यांचे निधन झाले. १९९६मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्या बारा महान खेळाडूंमध्ये त्यांचा समावेश झाला.