अँड्र्यू कार्नेगी

स्कॉटलंडमध्ये डनफर्मलिन नावाचे एक जुने गाव आहे. हातमागावर विणलेल्या नक्षीदार लिनन कापडाबद्दल या गावाची एके काळी मोठी ख्याती होती. तेथील एका विणकराच्या घरी २५ नोव्हेंबर १८३५ रोजी अँड्र्यू कार्नेगीचा जन्म झाला. खाली माग आणि वर माळ्यावजा एक खोली, एवढेच ते घर. वडील विल्यम हे कसबी विणकर होते. परंतु अँड्र्यू शाळेत जाऊ लागला त्या सुमारास वाफेच्या यंत्रांनी चालणाऱ्या गिरण्या निघाल्या आणि त्यांच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचा टिकाव लागेना. एकामागून एक माग बंद पडले. आई मार्गारेट हिने वाणसामानाचे लहानसे दुकान घातले, रात्री जागून जोडे शिवले. तरीही संसाराची तोंडमिळवणी होईना.

गावालगत पिटेनक्रीफ नावाची एक रम्य बाग होती. तिच्या मालकाने वर्षातून एक दिवस ती गावकऱ्यांसाठी खुली ठेवावी, असा रिवाज होता. पण अँड्र्यूच्या आईच्या माहेरच्या मंडळींनी मालकाशी वाद मांडला होता. त्यामुळे त्या घराण्यातील मुलांना त्या दिवशीही आत जाण्यास मनाई असे. इतर मुले आत बागडत आणि अँड्र्यू भिंतीबाहेर उभा राही.

१८४८ साली घरातील चीजवस्तू विकून व काही पैसे उसने घेऊन हे कुटुंब अमेरिकेस निघाले आणि पिट्सबर्गजवळ ॲलेघेनी येथे येऊन राहिले. अँड्र्यूचे वय तेव्हा अवघे बारा वर्षांचे होते. एका सूतगिरणीत कांड्या बदलणाऱ्या पोऱ्याचे काम त्यास मिळाले. पहाटे अंधारात घर सोडावयाचे आणि रात्री अंधारातच परतावयाचे, असा त्याचा दिवस असे. आठवड्याचा पगार होता १ डॉलर २० सेंट. पुढे दुसऱ्या एका कारखान्यात तळघरातील बाष्पयंत्र सांभाळण्याचे काम त्याच्याकडे आले. वाफेचा दाब वाढून यंत्र फुटले तर काय, या धास्तीने तो पोर रात्री झोपेतून दचकून उठत असे. परंतु घरी त्याने याची वाच्यता केली नाही.

नंतर तारखात्यात तारा पोचविण्याची नोकरी त्यास लाभली. येथून त्याचे दैव पालटले, असे म्हणतात. पण दैवापेक्षा त्याची चिकाटीच अधिक कामी आली. शहरातील पेढ्यांची नावे त्याने ओळीने पाठ केली आणि व्यापाऱ्यांचे चेहरेही ध्यानात ठेवले, म्हणजे माणूस रस्त्यात भेटला तरी तार तेथेच हाती देता येई. तारायंत्राचा कडकट्ट आवाज नुसता ऐकून संदेश लिहून घेण्याची विद्या तो शिकला. त्या काळी फार थोड्या लोकांस ती येत असे. कर्नल अँडरसन नावाचे एक गृहस्थ दर शनिवारी आपला ग्रंथसंग्रह कष्टकरी मुलांसाठी खुला करीत. शनिवारी घरी आणलेले पुस्तक अँड्र्यू आठवडाभर मिळेल त्या फुरसतीत वाची. त्या गृहस्थाचा उपकार तो जन्मभर विसरला नाही.

याच काळातील एक प्रसंग आहे. तारखात्याच्या कामासाठी अँड्र्यू परगावी गेला होता. तेथे नदीवरील आगबोटीत त्यास आपले वडील भेटले. स्वतः विणलेले कापड विकण्यासाठी ते दूरच्या गावी निघाले होते आणि खोलीचे भाडे परवडत नसल्यामुळे उघड्या डेकवर रात्र काढणार होते. मुलाच्या जिवाला ते फार लागले. आई-बाबांना लवकरच स्वतःच्या गाडीतून हिंडवीन, असे त्याने वडिलांस बोलून दाखविले. परंतु १८५५ साली वडील वारले आणि ते सुख त्यांच्या वाट्याला आले नाही.

पुढची चढण कार्नेगी झपाट्याने चढला. रेल्वेचे अधिकारी टॉमस स्कॉट यांनी १८५३ साली त्यास आपल्या हाताखाली घेतले आणि १८५९ मध्ये तो पिट्सबर्ग विभागाचा प्रमुख झाला. लोखंडी पूल, रेल्वेचे डबे, खनिज तेल अशा धंद्यांत त्याने पैसा गुंतविला आणि तो अनेक पटींनी परत आला.

१८६८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून कार्नेगीने आपल्या मिळकतीचा हिशेब केला. वर्षाचे उत्पन्न ५०,००० डॉलर भरले. वय होते ३३. तेव्हा त्याने स्वतःसाठीच एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा होता की, आता याहून अधिक संपत्तीची हाव धरू नये; जास्तीचा पैसा दरवर्षी लोकांच्या कल्याणासाठी वेचावा; पस्तिसाव्या वर्षी धंदा सोडून ऑक्सफर्ड येथे विद्याभ्यासास जावे. द्रव्याची पूजा ही मूर्तिपूजेतील सर्वांत हीन पूजा होय आणि तिच्यातच गुरफटून राहिलो तर आपला अधःपात होईल, असेही त्याने लिहिले. तो कागद त्याने जपून ठेवला. मात्र पस्तिसावे वर्ष आले आणि गेले, तरी धंदा सुटला नाही.

उलट, खरा धंदा त्यापुढेच सुरू झाला. इंग्लंडमधील बेसेमर नावाच्या संशोधकाने स्वस्तात पोलाद करण्याची रीत शोधून काढली होती. कार्नेगीने ती पाहिली आणि पिट्सबर्गजवळ मोठा कारखाना उभारला. १८७५ साली त्यातून रेल्वेचे रूळ बाहेर पडू लागले. एक टन पोलादास किती कोळसा लागला, किती मजुरी पडली, याचा हिशेब तो पैपैने ठेवी. अधिक चांगले यंत्र निघाले की चालू यंत्र मोडीत काढण्यास तो कचरत नसे. १८७० च्या सुमारास टनास १०० डॉलरांहून अधिक असलेला पोलादी रुळांचा भाव १८९८ पर्यंत २० डॉलरांच्या खाली आला. पोलादाच्या उत्पादनात अमेरिकेने इंग्लंडला मागे टाकले, त्यात कार्नेगीच्या कारखान्यांचा वाटा मोठा होता. ज्या यंत्रयुगाने बापाचा माग बंद पाडला, त्याच यंत्रयुगाचा मुलगा धनी झाला.

परंतु स्पर्धेत भाव उतरविण्याची किंमत कोणीतरी मोजावीच लागते. काही वर्षे त्याच्या कारखान्यात कामगारांना आठ तासांची पाळी होती. इतर कारखानदारांनी ती पद्धत उचलली नाही, तेव्हा १८८८ साली कार्नेगीने पुन्हा बारा तासांची पाळी आणली. धगधगत्या भट्टीपुढे बारा तास उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने बालपणी बाष्पयंत्र सांभाळले त्यास ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे?

१८९२ साली होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीवरून तंटा पेटला. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता व कारभार हेन्री फ्रिक पाहत होता. फ्रिकने टाळेबंदी केली आणि खाजगी पहारेकऱ्यांच्या एका संस्थेचे ३०० शस्त्रधारी लोक पडावांत बसवून नदीमार्गे आणविले. ६ जुलै रोजी पहाटे नदीकाठी गोळीबार सुरू झाला आणि लढाई दिवसभर चालली. दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसे प्राणास मुकली. शेवटी सरकारी सैन्य आले, कामगारांचा संघ मोडला आणि मजुरी घटली. सारा दोष फ्रिकच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. कारण त्याच्या कठोर धोरणास कार्नेगीची आधीपासून संमती होती. या घटनेचा सल कार्नेगीच्या मनात अखेरपर्यंत राहिला.

१९०१ साली कार्नेगीने आपला सर्व धंदा जे. पी. मॉर्गन यांस ४८ कोटी डॉलरांस विकला. हॉटेलातील त्या रात्रीस तेव्हा ३२ वर्षे लोटली होती. जगातील अत्यंत श्रीमंत माणसांत त्याची गणना होऊ लागली आणि त्याने दान हाच उद्योग आरंभिला. निरनिराळ्या देशांत त्याच्या पैशांतून २,५०९ ग्रंथालये बांधली गेली. इमारत त्याने द्यावी, जागा व दरवर्षीचा खर्च गावाने पत्करावा, अशी त्याची अट असे. होमस्टेडलाही ग्रंथालय झाले. तेथील कामगार मात्र विचारीत की, बारा तास राबल्यावर पुस्तक वाचावयाचे केव्हा?

राष्ट्राराष्ट्रांतील भांडणे युद्धावाचून मिटावीत म्हणून हेग येथे शांतिमंदिर बांधण्यास त्याने १५ लक्ष डॉलर दिले. १९१३ साली ते उघडले आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. कार्नेगी तेव्हा आत्मचरित्र लिहीत होता. युद्धाची वार्ता येताच त्याचे लिहिणे थांबले, आणि स्कॉटलंडमधील आपल्या आवडत्या वाड्यात तो पुन्हा कधी जाऊ शकला नाही. ११ ऑगस्ट १९१९ रोजी अमेरिकेत त्याचा मृत्यू झाला. तोपर्यंत सुमारे ३५ कोटी डॉलर त्याने देऊन टाकले होते.

पिटेनक्रीफची ती बाग त्याने १९०२ साली विकत घेतली व लगेच डनफर्मलिनच्या लोकांना देऊन टाकली. आज त्या बागेत कोणत्याही घरच्या मुलाला कोणत्याही दिवशी जाता येते.