खुल्या जागेवरचे दादासाहेब

दीक्षा घेतली की राखीव जागा गेली, मग मते कोण देणार, असे तुमच्याही घरात कोणी म्हटले असेल. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे चरित्र त्यांना सांगा. जन्म १९०२, दिंडोरी तालुक्यातील आंबे गाव. १९३० च्या काळाराम सत्याग्रहात ते आघाडीवर होते. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले. १९४६ साली मुंबई इलाख्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनला भोपळाच मिळाला. १९५६ साली बाबासाहेबांमागे ते बौद्ध झाले. बौद्धांना तेव्हा राखीव जागा बंद. ती अट १९९० साली गेली. दादासाहेब १९५७ साली नाशिकच्या खुल्या जागेवर लोकसभेसाठी उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्र समितीची साथ होती, हे खरेच. पण उमेदवार उघड बौद्ध होता, आणि तो निवडून आला.