साल्बाईचा तह आणि महादजी शिंदे

महादजी शिंदे म्हटले की पानिपत आणि दिल्ली आठवते. ठाणे-कल्याणकरांनी त्यांना एका तहासाठीही आठवावे, असे मला वाटते.

१७६१ साली पानिपतावर जखमी होऊन ते पायाने अधू झाले. तरी उत्तरेत मराठ्यांचा दरारा त्यांनीच पुन्हा बसवला. इकडे राघोबादादा पेशवाईसाठी इंग्रजांना मिळाले. इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला आणि १७८० मध्ये कल्याण व वसई घेतली. दोन्ही पक्ष लढून थकले, तेव्हा महादजींनी मध्यस्थी केली. ग्वाल्हेरजवळ साल्बाई येथे १७ मे १७८२ रोजी तह ठरला. ठाण्यासह साष्टी इंग्रजांकडे राहिली. वसई, कल्याण पेशव्यांना परत मिळाले. राघोबादादांना पाठीशी घालणे इंग्रजांनी सोडले. तह पाळला जावा म्हणून दोघांनीही महादजींनाच जामीन मानले. पुण्याच्या नाना फडणिसांची पक्की मान्यता १७८३ मध्ये आली.

इंग्रजांनी भडोच महादजींना दिले, ही गोष्ट झाकून ठेवू नये. आपले ठाणे गेले, याची रुखरुखही मला वाटते. ठाण्याची खाडी ही सरहद्द झाली. अलीकडे कंपनी, पलीकडे पेशवे. पण त्यानंतर सुमारे वीस वर्षे इंग्रज-मराठ्यांत युद्ध झाले नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजी वारले. शेताच्या बांधाचा तंटा असो की राज्याचा, दोघांचाही विश्वास असलेला जामीन मिळाला, तरच तडजोड टिकते.