लोकमान्यांची सैन्यभरतीची अट

बाळ गंगाधर टिळकांचे आयुष्य म्हटले की केसरी, गणेशोत्सव, राजद्रोहाचे खटले आणि मंडालेचा तुरुंग एवढे टप्पे चटकन डोळ्यांपुढे येतात. मंडालेहून सुटल्यानंतरची सहा वर्षे मात्र अनेकदा दोन-चार वाक्यांत आटोपली जातात. वास्तविक याच काळात, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, एका अवघड प्रश्नाला त्यांनी हात घातला. परक्या सरकारच्या युद्धात आपली मुले पाठवायची का, आणि पाठवायची तर कोणत्या बोलीवर?

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले टिळक जून १९१४ मध्ये सुटून पुण्यात परतले, तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षात होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते. गायकवाड वाड्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर पोलिसांची पाळत होती. दोन महिन्यांच्या आतच युरोपात युद्धाला तोंड फुटले. इंग्रजांच्या या अडचणीचा टिळक फायदा उठवतील, अशी अनेकांची अटकळ होती. प्रत्यक्षात ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस त्यांनी जाहीर पत्रक काढून संकटकाळात सरकारला साहाय्य करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य असल्याचे सांगितले. जहालांपैकी काहींना हे रुचले नाही. परंतु त्या पत्रकाचा अर्थ शरणागती असा लावणे हा उतावळेपणा ठरेल. युद्धाला माणसे आणि पैसा लागतो, हिंदुस्थानाखेरीज इंग्रजांचा निभाव लागणार नाही आणि ज्याची गरज लागते त्याला किंमत मागता येते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीगची स्थापना झाली. त्याच वर्षी बेळगाव आणि अहमदनगर येथील भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे २० हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागितले. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

इकडे रणांगणावर हिंदी शिपाई मरत होते. एप्रिल १९१६ मध्ये मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे सुमारे १३ हजारांचे सैन्य तुर्कांना शरण गेले. पुण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या सहाव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एकाच गावातील ४६ जण या महायुद्धात कामी आले. असे असूनही हिंदी माणसाला पलटणीत सुभेदार-मेजरच्या वर चढता येत नव्हते, आणि तीस वर्षे चाकरी केलेला सुभेदार-मेजरही नुकत्याच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालचाच. १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याने सामान्य नागरिकाच्या हातातले हत्यार आधीच काढून घेतले होते.

टिळकांचा आक्षेप नेमका येथे होता. १९१७ मध्ये इंडियन डिफेन्स फोर्स उभारण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी पुण्यातील सुशिक्षित तरुणांना नावे नोंदवण्याचे आवाहन केले. वय आणि पिकलेले केस आड येत नसतील तर आपणही आघाडीवर उभे राहू, असे ते म्हणाले. मात्र गोऱ्यांना एक नियम आणि हिंदी लोकांना दुसरा, हे त्यांना मान्य नव्हते. लष्करी शिक्षण आणि अधिकारपदे मिळाल्याखेरीज स्वराज्य टिकवता येणार नाही, हा त्यामागचा विचार. ऑगस्ट १९१७ मध्ये सरकारने नऊ हिंदी अधिकाऱ्यांना बादशाही कमिशन देण्याचे मान्य केले. लाखोंची फौज आणि नऊ कमिशने! टिळकांचे त्याने समाधान होणे शक्यच नव्हते. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. ज्या कमिशनांसाठी टिळक भांडत होते ती प्रामुख्याने शिकलेल्यांच्या वाट्याला येणारी होती. सातारा-रत्नागिरीतून साध्या शिपाईगिरीवर जाणाऱ्या कुणब्याच्या पोराला त्यांचा लाभ दूरचाच होता.

एप्रिल १९१८ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉयने भरवलेल्या युद्ध परिषदेला टिळकांना बोलावणेच नव्हते. गांधीजींनी त्याबद्दल नापसंती कळवली, तरीही ते उपस्थित राहिले आणि सैन्यभरतीच्या ठरावाला त्यांनी पाठिंबा दिला. १० जून रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये प्रांतिक परिषद झाली. तिला टिळक हजर होते. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी आरंभीच होमरूलवाल्यांच्या हेतूंविषयी शंका घेतली. टिळकांनी बादशहाविषयी निष्ठा व्यक्त करून भाषणास सुरुवात केली, पण देशरक्षण आणि स्वराज्य यांचा संबंध जोडताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले. टिळक व्यासपीठ सोडून निघून गेले. पाठोपाठ नरसिंह चिंतामण केळकर यांच्यावरही तीच वेळ आली. माणसे मागायला बोलावलेल्या सभेत माणसे देऊ शकणाऱ्या पुढाऱ्यालाच बोलू न देणे, हा विलिंग्डन यांचा कारभार होता. काही दिवसांनी मुंबईत झालेल्या निषेध सभेचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषवले.

तथापि भरतीच्या प्रश्नावर दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. गांधीजी त्या उन्हाळ्यात खेडा जिल्ह्यात रंगरूट गोळा करत फिरत होते. सरकारला मदत करायची तर ती विनाअट, ही त्यांची भूमिका. टिळकांनी त्यांना ५० हजार रुपयांचा धनादेश पाठवला आणि एक पैज मांडली. हिंदी लोकांना लष्करात अधिकारपदे मिळतील असे वचन गांधीजींनी सरकारकडून मिळवावे; आपण महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, न दिल्यास ही रक्कम जप्त समजावी. मदतीचा सौदा करता येत नाही, या कारणास्तव गांधीजींनी धनादेश परत केला. इकडे खेड्यातील ज्या गावकऱ्यांनी काही महिन्यांपूर्वी सत्याग्रहात त्यांच्यासाठी जीव टाकला होता, ते आता बैलगाडीही द्यायला तयार नव्हते. ऑगस्टमध्ये गांधीजी आजारी पडले आणि ती मोहीम थंडावली.

त्याच ऑगस्टमध्ये सरकारने परवानगीविना जाहीर भाषण करण्यास टिळकांना मनाई केली. सप्टेंबरमध्ये ते चिरोल यांच्यावरील बदनामीच्या दाव्यासाठी विलायतेला निघाले. ते लंडनमध्ये असतानाच ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले. सत्तर हजारांहून अधिक हिंदी सैनिक परतले नव्हते. फेब्रुवारी १९१९ मध्ये दाव्याचा निकाल विरुद्ध गेला, तरी पुढच्याच महिन्यात टिळकांनी शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी केली.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले. तोवर हिंदी तरुणांसाठी सँडहर्स्टला वर्षाकाठी दहा जागा ठेवण्यात आल्या होत्या. देहरादूनला लष्करी अधिकाऱ्यांची प्रबोधिनी सुरू व्हायला १९३२ साल उजाडावे लागले.