लहानाचे मोठे करणारा माणूस

दिवाळी जवळ आली की नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या अंगणांत दगड, विटा आणि माती जमू लागते. चिखलात भिजवलेल्या गोणपाटाचा डोंगर उभा राहतो, त्यावर मोहरी किंवा अळीव पेरून हिरवळ उगवते, बुरुजावर तोफ चढते आणि मग बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी पहारा देऊ लागतात. एखादा मावळा दरवाजापेक्षा उंच निघाला की घरातली वडील मंडळी हसतात. त्या हसण्यातून मूल एक फार महत्त्वाची गोष्ट शिकते. ती म्हणजे प्रमाण. लहान वस्तू खरी वाटायची असेल तर तिच्या प्रत्येक भागाचे एकमेकांशी नाते खरे असावे लागते.

हीच मुले मोठी झाली की काही जण प्लॅस्टिकच्या सुट्या भागांतून रणगाडे आणि तोफा जुळवू लागतात. देवळालीला तोफखान्याची शाळा असल्यामुळे लष्करी गाड्या नाशिककरांना नवीन नाहीत. या छंदातले एक नेहमीचे प्रमाण आहे पस्तिसास एक. म्हणजे सात मीटर लांबीचा रणगाडा टेबलावर वीस सेंटिमीटरचा होतो. जुळवणी होते दोन-चार दिवसांत. खरी परीक्षा रंगाची. सांध्यांत पातळ काळसर रंग सोडायचा, कडांवर कोरड्या ब्रशाने फिकट छटा ओढायची, चाकांपाशी धूळ दाखवायची. मूळ रंग जसाच्या तसा दिला तर छोटी गाडी बोजड दिसते, म्हणून तो किंचित फिकट करावा लागतो. खरे दिसावे यासाठी खऱ्यापासून थोडे दूर जावे लागते, हे या कलेतले मर्म.

हे मर्म ज्याला फार लवकर उमगले आणि ज्याने त्याच्या जोरावर एका देशाला नवी कला दिली, तो माणूस याच जिल्ह्यातला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपले दादासाहेब. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण कॅमेरा हाती येण्याच्या कितीतरी आधी ते प्रतिकृती घडवणारे कारागीर होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुलाने शास्त्री व्हावे अशीच त्या घराची रीत. पण वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, बिऱ्हाड मुंबईला गेले आणि धुंडिराज 1885 साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे थोरल्या भावाबरोबर तो बडोद्याला गेला आणि तिथल्या कलाभवनात त्याला हवे ते सारे एका छपराखाली सापडले. जलरंग, तैलरंग, वास्तुरचना, मूर्तिकाम, छायाचित्रण, ठसे करण्याची विद्या! एकात प्रावीण्य मिळवून थांबणाऱ्यांतला हा विद्यार्थी नव्हता.

1892 साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. नाट्यगृहाची प्रतिकृती करायची म्हणजे नुसती शोभेची पेटी करायची नव्हे. पडदा किती रुंद, शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा चेहरा दिसेल का, उजेड कुठून येईल, या सगळ्याचा हिशेब त्यात करावा लागतो. बावीस वर्षांच्या त्या तरुणाने प्रेक्षक कुठे बसणार हे आधी छोट्या आकारात मांडले. खरे प्रेक्षक मिळायला पुढे एकवीस वर्षे जायची होती.

ती वर्षे सुखाची नव्हती. गोध्र्याला छायाचित्रणाचा धंदा थाटला, तर प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. काही काळ ते जादूचे प्रयोग करीत. फाळके या नावातली अक्षरे उलटी करून त्यांनी प्रोफेसर केल्फा हे नाव घेतले होते. 1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या सरस्वतीबाई. 1903 मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी लागली, पण तीही त्यांनी सोडली आणि छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी 1909 मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा नावारूपाला आला तेव्हाच भागीदारांशी बिनसले आणि दादासाहेब चालत्या छापखान्यातून बाहेर पडले. वय चाळिशीचे, घरात मुले लहान, हाताला काम नाही.

अशा वेळी 1911 च्या ईस्टरमध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर असेच राम आणि कृष्ण दिसले तर? या एका विचाराने त्यांना झपाटले. त्यांनी एक छोटासा कॅमेरा आणि काही रिळे मिळवली, मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडला आणि घरच्या भिंतीवर चित्रे हलवून पाहिली. इथेही पद्धत तीच. मोठे काम अंगावर घेण्यापूर्वी त्याची छोटी प्रतिकृती करून पाहायची. हे घरातले इवलेसे चित्रपटगृह म्हणजे अहमदाबादच्या त्या नाट्यगृहाचे धाकटे भावंड. पण अहोरात्र चित्रे पाहून आणि झोपेला फाटा देऊन डोळ्यांनी दगा दिला, दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली, म्हणून पुढचा सारा इतिहास घडला.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी 1912 मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी केला आणि एप्रिलमध्ये परतले. आता भांडवल हवे होते. विश्वास कसा पटवावा? दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचे बी लावले आणि रोज थोडी थोडी चित्रे घेतली. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. बीज फुटते, कोंब वर येतो, वेल होते! भांडवल देणाऱ्याची शंका त्या वाटाण्याच्या वेलाने फेडली. कोट्यवधींच्या भारतीय चित्रव्यवसायाची सुरुवात अशी एका कुंडीत झाली.

तरीही पैसे पुरले नाहीत आणि सरस्वतीबाईंचे दागिने गेले. इथे या माउलीबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती अंधारात बसून यंत्राने पाडावी लागत. एक छिद्र चुकीच्या जागी पडले तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र हिसके खाणार. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून, उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवून, सरस्वतीबाई रात्री हे काम करीत. रसायनेही त्या मिसळत. पडद्यावर त्यांचा चेहरा कधी दिसला नाही, पण पडदा हलला तो त्यांच्या हातांमुळे.

राजा हरिश्चंद्राची तारामती व्हायला कोणी स्त्री तयार होईना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके साडी नेसले. रोहिदास झाला घरचाच मुलगा भालचंद्र. कॅमेरा सांभाळायला आले त्र्यंबकचे बालमित्र त्र्यंबक तेलंग. वांगणी गावी बाहेरचे चित्रीकरण ठरले. ढाल-तलवारी घेतलेली ही मंडळी गावात शिरली आणि गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोर आले! फौजदाराने सगळ्यांना अडकवून ठेवले. दादासाहेबांनी कॅमेरा लावून, प्रसंग करून दाखवला तेव्हा कुठे सुटका झाली. खोटी हत्यारे इतकी खरी वाटावीत, ही त्यांच्या कारागिरीला मिळालेली पहिली जाहीर पावतीच म्हणायची. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात राजा हरिश्चंद्र झळकला.

त्यानंतर दादासाहेब आपला कारखाना नाशिकला घेऊन आले. गोदावरीचा घाट, देवळे, डोंगर आणि वर्षातले आठ महिने स्वच्छ ऊन. विजेच्या दिव्यांवाचून काम करणाऱ्याला आणखी काय हवे? पण या उन्हाचीही अट होती. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, तो काळा उमटे. निळे आकाश पांढरे होई. म्हणून पडदे आणि देखावे रंगवणाऱ्याला रंग डोळ्याने पाहून भागत नसे, फिल्मला तो कसा दिसेल हे ओळखून लावावा लागे. रणगाड्याचा हिरवा फिकट करणारा आजचा मुलगा आणि देखावा रंगवणारा तेव्हाचा चित्रकार, दोघांचा प्रश्न एकच.

याच काळात, 1915 साली, त्यांनी आगकाड्यांची मौज हा छोटा चित्रपट केला. काड्या आपोआप हलतात, जुळतात. मागे कोणतेही यंत्र नाही. काडी केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. सेकंदाला सोळा चित्रांच्या हिशेबाने एका मिनिटाला 960 चित्रे. कल्पना करा, 960 वेळा हात कॅमेऱ्यासमोर न्यायचा आणि एकदाही धक्का लागू द्यायचा नाही!

लहान वस्तूला पडद्यावर मोठे करण्यात आणखी एक अडचण असते, ती वेळेची. सोळा फूट उंचीवरून पडणारा दगड एका सेकंदात जमिनीला लागतो. एक फूट उंचीच्या प्रतिकृतीवरून पडणारा खडा पाव सेकंदातच. म्हणून छोटा किल्ला ढासळताना चित्रित करायचा तर कॅमेरा चौपट वेगाने फिरवावा लागतो, नाहीतर प्रेक्षकाला खेळणे ओळखू येते. हातानेच कॅमेरा फिरवण्याच्या त्या काळात असा वेग मनगटाच्या सवयीवर अवलंबून असे.

1917 च्या लंकादहनने लोकांना वेड लावले. हनुमानाचे उड्डाण आणि जळणारी लंका पाहायला गर्दी लोटली. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. मद्रासकडे गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याचे सांगतात. त्याच साली दादासाहेबांनी चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक लघुपटही केला. जादूगार सहसा आपली जादू उघड करीत नाही, यांनी केली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन यांत त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर तरंगते आणि परत येते, हे दृश्य 1918 साली हाती असलेल्या साधनांनी केलेले आहे, हे लक्षात घेतले की आजही नवल वाटते.

मग घसरण कुठे सुरू झाली? 1918 मध्ये भागीदारांच्या पैशावर नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. भागीदारांना हिशेब हवा होता, दादासाहेबांना चित्र मनासारखे हवे होते. एका काडीसाठी दिवस घालवणाऱ्या माणसाला खर्चाची मर्यादा कशी मानवणार? आणि ज्यांचे पैसे गुंतले आहेत त्यांनी तरी किती थांबावे? दोष एकट्या कोणाचा म्हणता येणार नाही. ते रागावून काशीला गेले, रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, 1922 मध्ये परत आले; पण तडा सांधला नाही. वस्तूंचे प्रमाण अचूक साधणाऱ्या या माणसाला माणसांशी वागतानाचे प्रमाण मात्र नेहमी साधले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

तोवर काळ बदलला. मार्च 1931 मध्ये आलम आरा बोलू लागला आणि दादासाहेबांचा सेतुबंधन 1932 साली मूकच तयार झाला. पुढे त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूरला केलेला 1937 चा गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचाही. लहान-मोठे मिळून शंभराहून अधिक चित्रपट करून ते नाशिकला परतले. महायुद्धाच्या दिवसांत चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थाने त्यासाठीही अर्ज केला. नकार आला, आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकलाच त्यांनी डोळे मिटले.

1969 पासून त्यांच्या नावाने चित्रसृष्टीचा सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या चित्रपटांपैकी मोजकेच काही, आणि त्यांतलेही बहुतेक तुकड्यांनी, आज उरले आहेत.

तरीही त्यांची विद्या नाहीशी झालेली नाही आणि ती शिकायला लंडनला जावे लागत नाही. येत्या रविवारी घरातल्या मुलांनी आपला रंगवलेला रणगाडा किंवा दिवाळीच्या किल्ल्यावरची तोफ खिडकीच्या उजेडात ठेवावी, मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून पक्का करावा आणि गाडी गव्हाच्या दाण्याइतकी सरकवून एकेक छायाचित्र घ्यावे. सोळा चित्रांनंतर एक सेकंद होईल. शंभर चित्रांपर्यंत पाठ दुखू लागेल. तेव्हा आगकाड्यांची ती 960 चित्रे आठवावीत, आणि अंधारात फिल्मला छिद्रे पाडत बसलेल्या सरस्वतीबाईही.