एक्सप्लेनर : मोठं विद्यापीठ, भरघोस पगार, तरी कांट यांनी नकार का दिला?

लहान विद्यापीठ सोडून मोठ्या ठिकाणी जावं का? १७७८ मध्ये हा प्रश्न तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्यासमोर होता. तेव्हा त्यांचं वय होतं ५३.

प्रशियात शिक्षणाचा कारभार पाहणारे मंत्री झेडलिट्स यांनी त्यांना हाले विद्यापीठात बोलावलं. कांट शिकवत होते ते कोनिग्सबर्ग राज्याच्या पूर्व टोकाला होतं (आजचं रशियातलं कॅलिनिनग्राड). हालेचं नाव मोठं, विद्यार्थीही कितीतरी जास्त. पगार आधी ६०० थालर सांगितला, म्हणजे हातात पडत होता त्याच्या दुपटीहून अधिक. नकार येताच तो ८०० केला, वर मानाची पदवीही देऊ केली.

कांट काही श्रीमंत घरातले नव्हते. वडील घोड्यांचं चामडी सामान बनवायचे. १७५५ पासून तब्बल १५ वर्षं ते विद्यापीठाच्या पगाराविना, विद्यार्थ्यांच्या फीवर शिकवत राहिले. १७६९ मध्ये एर्लांगेनला जायला ते जवळपास तयार झाले होते. पण घरच्याच विद्यापीठात जागा मिळण्याची चिन्हं दिसली आणि त्यांनी माघार घेतली. १७७० मध्ये ते तिथेच प्राध्यापक झाले.

मग हालेला नकार का? यात त्याग वगैरे फारसा नव्हता. प्रकृती नाजूक होती आणि बदलाची त्यांना धास्ती वाटायची, हे त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला पत्रात मोकळेपणाने कळवलं होतं. शिवाय अनेक वर्षं रखडलेलं एक पुस्तक हातात होतं.

ते पुस्तक, 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन', १७८१ मध्ये आलं. अर्पणपत्रिकेत नाव होतं झेडलिट्स यांचं.